कावळ्याला विचारलं, मला नाही

आमचा पोपट सोडून द्यायचा, हे तापीच्या घाटावर ठरलं. ठरवणारे सगळे पुरुष होते आणि त्यांतल्या एकानेही जन्मात कधी त्याचा पिंजरा धुतलेला नव्हता. पिंजरा धुणारी बाई, म्हणजे मी, त्या वेळी घरी होते. सासऱ्यांचं दहावं होतं. माणसं घाटावरून परत आली, हातपाय धुऊन पंगतीला बसली, आणि मी वरण वाढत असताना माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगितलं, "तिले सांगी ठेव, पोपट सोडना शे." मीठ मागावं तसं. हातातली वरणाची बादली मी तिथेच आपटली. पंगतीला वाटलं, सासऱ्यांच्या आठवणीनं सुनेचा हात सुटला.

कसली आठवण! राग आला होता मला. इतके महिने झाले तरी तो पुरता गेलेला नाही, आणि हे लिहायला बसले तीही त्याच रागानं.

पोपट म्हणजे आपला नेहमीचा लाल चोचीचा राघू नव्हे. राघू पाळायला कायद्यानं बंदी आहे, पण ते आमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे देव जाणे. आमचा हा अ‍ॅमेझॉन पोपट, परदेशी जात. अंगानं पारव्यापेक्षा चांगला जाडजूड, हिरवागार, कपाळावर निळी झाक, गाल पिवळे, चोच काळी, शेपूट आखूड. चालताना पाय आत टाकून डुलत चालतो. कुणी विचारलं की मी जात सांगायचे आणि समोरचा हमखास म्हणायचा, "म्हंजे मोबाईलवर मांगाडा का?" पहिल्या वर्षी मला हसू यायचं. पुढं पुढं मी म्हणायला लागले, "हो, आणि आता परत घेत नाहीत."

आणला होता जेठांनीच. धानोऱ्याला त्यांचं खताबियाण्यांचं दुकान आहे. सुरतेला गेले होते, तिथं कुणाच्या तरी काउंटरवर असा पोपट डुलताना पाहिला आणि यांनाही हौस आली. तेव्हा ते पिल्लू होतं. महिनाभर काय ते कौतुक! पण या जातीला सकाळी आणि सांजेला ओरडावंच लागतं. रानात असते तर आपल्या थव्याला हाक मारली असती, तीच ती हाक, आणि आवाज असा की त्यापेक्षा कारखान्याचा भोंगा परवडला. दुकानात गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकू येईना. मग एक दिवस जेठ पिंजरा गाडीत टाकून आमच्या गावी आले, ओसरीवर ठेवला आणि म्हणाले, "आबाले करमनूक हुई." झालं. चहा प्यायले, हात झटकले आणि गेले.

आबा म्हणजे माझे सासरे. आमचं गाव शहाद्याकडचं, तापीच्या काठाचं. नवरा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात कामाला, सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली, पोरगा शाळेत, त्यामुळे दिवसभर घरात आबा आणि मी. आबांचं लकव्यानं अर्धं अंग गेलेलं. ओसरीवर भिंतीकडेला त्यांची खाट होती. जेठांनी करमणूक आणून टाकली ती कुणाच्या डोक्यावर? माझ्या. आधीच एका माणसाचं हगणंमुतणं काढत होते, त्यात आणखी एक जीव. मी पहिले चार दिवस त्या पिंजऱ्याकडे बघितलंही नाही.

पण माझं माहेर नवापूरचं. वडलांचे कोंबड्यांचे शेड, मी त्यातच वाढले. पक्षी अंग फुलवून एका जागी गप्प बसला की मी आधी त्याचं खाणं बघते. पक्षी दुखणं लपवतो. तो आजारी दिसायला लागतो तेव्हा निम्मा गेलेला असतो. पाचव्या दिवशी हा तसा बसलेला दिसला. बघते तर वाटीत नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि शेव. शेव! दुकानात गिऱ्हाईकं शेव घालायची आणि हा खायचा म्हणून सगळ्यांना आनंद. मी ती वाटी अंगणात भिरकावली. त्या दिवसापासून पोपट माझा झाला.

त्याला उकडलेला मका, मोड आलेले हरभरे, पपई, पेरू, मेथी. मिरची तर आमच्या जिल्ह्यात विचारायलाच नको, ओली लाल मिरची तो एका पायात धरून मुलानं चॉकलेट खावं तशी खायचा. कुरतडायला बाभळीची काटे काढलेली काटकी. उन्हाळ्यात अंगावर पाण्याचा फवारा, तोही सकाळी, म्हणजे सांजेपर्यंत पिसं वाळतात. नॉनस्टिकचा तवा मी घरातून काढून टाकला, कारण तो तापून धुरावला तर त्या धुरानं असे पक्षी पटकन मरतात. नवरा म्हणाला, "पोपटासाठी तवा फेकला?" मी म्हटलं, "तुमच्या डोश्यासाठी पोपट मारू?" चावायचाही तो. बुबुळं लहानमोठी व्हायला लागली आणि शेपटीचा पंखा झाला की हात मागं घ्यायचा, हे शिकेपर्यंत माझ्या बोटांची चाळण झाली. बोलायला म्हणाल तर दोनच गोष्टी आल्या त्याला. एक कुकरची शिट्टी आणि दुसरं, माझ्याच आवाजात, "गप बस!" आबा खूप हसायचे त्याला.

आबा त्याला "पाव्हना" म्हणायचे. दुपारी जेवणं झाली की मी पिंजऱ्याचं दार उघडायची. हे आबा सोडून घरातल्या एकाही पुरुषाला माहीत नव्हतं, कारण दुपारी घरी असतो कोण? पाव्हना खाली उतरायचा, ओसरीभर डुलत डुलत चालायचा, चोचीनं धरून खाटेच्या पायावर चढायचा आणि आबांच्या चांगल्या हाताखाली मान वाकवून बसायचा. आबा एका बोटानं त्याच्या मानेची पिसं उलटी खाजवायचे. मी भांडी घासून येईपर्यंत दोघं डोळे मिटून. फाट्यावर गाडीचा आवाज आला की आबा तेवढी मान उचलायचे. आवाज पुढं गेला की परत ठेवायचे. मग पुन्हा खाजवणं सुरू.

शेवटच्या थंडीत एकदा त्यांनी विचारलं, "मन्हा मांगे याले कोन देखी?"

मी म्हटलं, "मी आहे ना, आबा. मी बघेन."

"नक्की?"

"नक्की."

एवढंच. त्यावर त्यांनी परत कधी विषय काढला नाही, आणि होळीच्या आधी गेले.

आता घाटावर काय झालं ते सांगते. मला ते नवऱ्यानं सांगितलं, आणि तेही सरळ नाही, मी खोदखोदून विचारलं तेव्हा. दहाव्याचा पिंड ठेवला. कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग सुरू झालं. चुलत सासरे हात जोडून म्हणाले, शेत पडीक टाकत नाही. कावळा नाही. कुणी म्हणालं, नातीचं लग्न थाटात करू. कावळा नाही. कुणी म्हणालं, भाऊ भाऊ गुण्यागोविंदानं राहतील. तेव्हाही नाही, आणि त्यात मला तरी काही नवल वाटलं नाही. शेवटी जेठ पुढं झाले आणि म्हणाले, "आबा, तुन्हा पाव्हनाले आम्ही डांबी ठेवत नही. आखाजीले सोडी दिसूत." आणि कावळा आला. पिंडाला शिवला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.

"लगेच आला?" मी विचारलं.

"लगेच म्हणजे… ऊन फार होतं. आम्ही जरा मागं, झाडाच्या सावलीत जाऊन उभे राहिलो, तेवढ्यात."

मी कपाळाला हात लावला. "म्हणजे तोपर्यंत तुम्ही सगळे पिंडाच्या उरावर उभे होता? मग कावळा येईल कसा? तुमच्या खांद्यावर बसून खाईल का तो?"

नवरा म्हणाला, "असं बोलू नये." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भावापुढं तोंडाला कुलूप आणि बायकोपुढं "असं बोलू नये."

आणि सोडणं म्हणजे काय, हे कुणाला कळत होतं? जेठांच्या देखत मी नवऱ्याला समजावून पाहिलं, अगदी शांतपणे, म्हणजे माझ्यापरीनं शांतपणे. म्हटलं, हा पक्षी रानात जन्मलेला नाही. याला दाणा शोधता येत नाही, पाणी शोधता येत नाही. याच्या जातीचा दुसरा पक्षी इथं तापीपासून सातपुड्यापर्यंत सापडायचा नाही. चार भिंतींत उडून उडून किती उडणार, पंखांत बळ नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, भर वैशाखात. आपल्याकडे तेव्हा बाहेर टाकलेला पापड वाळायच्या आधी भाजतो. दोन दिवसांत मरेल. याला सोडणं म्हणत नाहीत, मारणं म्हणतात. जेठांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, आबाले शब्द देल शे." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शब्द यांनी द्यायचा, तो पाळायचा पोपटानं, जीव देऊन!

त्यात पोपटानं छातीची पिसं उपटायला घेतली. आबांची खाट तेराव्याला देऊन टाकली होती. दुपारी दार उघडलं की तो चालत चालत त्या जागेपर्यंत जायचा, तिथं भिंतीपाशी गोल गोल फिरायचा आणि परत यायचा. दिवसा भेटायला येणाऱ्यांची वर्दळ, रात्री उशिरापर्यंत दिवे, त्याला धड झोप नाही. पक्षी दुःखानं आणि जागरणानं पिसं उपटतो, हे कोंबड्यांतसुद्धा दिसतं. पण येणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "आबाना जीव अडकेल शे त्यामा. देख कसा तळमळी ऱ्हायना." मी म्हणायची, "जीव नाही अडकलेला, झोप नाही झालेली. तुम्ही घरी गेलात तर होईल." मग त्या मला नावं ठेवत घरी जायच्या.

मग विहिरीवरची मोटार जळली. पितर खवळलं. जेठांच्या गाडीचं टायर फुटलं. पितर खवळलं. माझ्या पोराला ताप आला, तेव्हा तर चुलत सासूबाई दारातच म्हणाल्या, "अजून किती वाट देखशी?" पोराला गोवर निघाला होता, आमच्या आळीत सगळ्याच पोरांना निघाला होता. आमचे आबा काय अख्ख्या आळीवर रागावले होते? पण मी त्या दिवशी पोराच्या उशाशी बसून खरंच घाबरले होते. सगळं घर एका बाजूला आणि मी एका बाजूला, अशी पाळी आली की आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, असं आपल्यालाच वाटायला लागतं.

पोराचा ताप उतरल्यावर मी नवापूरला भावाला फोन केला. म्हटलं, सहा महिने पोपट ठेवून घे. भाऊ म्हणाला, "ताई, तूच सांग. बाहेरचा पक्षी मी शेडच्या आवारात घेऊ?" मी काय सांगणार? मी त्याच घरात वाढले होते. आमच्याकडे शेडमध्ये शिरताना माणसाचे पायसुद्धा औषधाच्या पाण्यातून काढतात. रोग शिरला तर एका दुपारीत सगळं खड्ड्यात जातं. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं," आणि फोन ठेवून खूप रडले. रडले तीही रागानंच. बरोबर असलेल्या माणसावर रागावता येत नाही, त्याचा राग फार वाईट.

आखाजी आली. आबा गेल्यानंतरची पहिली आखाजी, त्यामुळे सगळी भाऊबंदकी आमच्याकडे. नवी घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकली. पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या, सगळं माझ्या हातचं. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, कावळ्यासाठी पान ठेवलं. नुसतं आमच्या नाही, गावातल्या घराघराच्या धाब्यावर. पंचक्रोशीतले कावळे त्या दिवशी आमच्या गावात जेवायला असतात म्हणा ना! मी चुलीपुढून नवऱ्याला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमच्या भावाला सांगा, सोडायला दिवसही बरा निवडलाय. धाब्याधाब्यावर कावळे बसलेत. परका पक्षी दिसला की टोचून मारतील." मी पिंजरा आतल्या खोलीत ठेवून दाराला कडी घातली होती. कडीच ती, कुलूप नव्हतं. जेठांनी काढली.

मी बाहेर आले तोवर पिंजरा अंगणात होता आणि दार उघडलेलं होतं. सगळे गोल करून उभे. पाव्हना बाहेर येईना. जेठांनी पिंजरा हलवला. तरी नाही. वाकडा केला, तेव्हा तो उतरला, इकडं तिकडं पाहिलं, आणि पाय आत टाकून डुलत डुलत निघाला. कुठं? ओसरीवर. भिंतीकडेच्या त्या जागी. तिथं पोचून गोल फिरला आणि मान वाकवून उभा राहिला. कुणीतरी पोर खुदकन हसलं. जेठांना ते हसणं लागलं. एवढ्या भाऊबंदांपुढं शब्द खोटा पडत होता ना! त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि ज्वारीवरच्या चिमण्या हाकलाव्यात तसं त्याच्यावर फडकावलं, "हुर्र! हुर्र! जाय!"

तो उडाला. घाबरून, वाकडातिकडा, धापा टाकत उडाला आणि कसाबसा धाब्याच्या कठड्यावर जाऊन पडला. बरोबर पानाशेजारी.

पहिला कावळा आला तो पुरणपोळीसाठी. मग त्यानं बोंब ठोकली. बघता बघता दहा-बारा जमले. एकानं शेपटी ओढली, एकानं डोक्यावर टोच मारली. पाव्हना ओरडत होता ती त्याची हाक नव्हती, ते मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. मी शिडीकडे धावले. आणि धावता धावता पाहिलं, जेठांनी पायातली चप्पल काढली आणि कावळ्यांना फेकून मारली. मग दुसरी. मग माझ्या नवऱ्याची. मग दगड. तोंडानं आईबहिणीवरून शिव्या चालल्या होत्या, आखाजीच्या दिवशी, पितरांच्या पानावर आलेल्या कावळ्यांना! ज्यांच्यापुढं अडीच महिन्यांपूर्वी हात जोडून उभे होते, त्यांनाच. चुलत सासरे "अरे, अरे" करत राहिले. कुणी ऐकत नव्हतं.

मी वर चढले आणि पदर टाकून त्याला धरलं. त्यानं माझ्या अंगठ्याचा असा चावा घेतला की चोच हाडाला लागल्यासारखं झालं. सोडला नाही मी. कावळे माझ्याही डोक्यावर झडप घालत होते. पदर पोपटाभोवती, डोकं उघडं, अंगठ्यातून रक्त, अशी मी शिडीवरून उतरले. जेठांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता, की त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"भाऊ, तुम्ही सगळ्यांनी घाटावर उभं राहून कावळ्याला विचारलं, आबांना काय पाहिजे. मी घरी होते. मला का नाही विचारलं? मी सांगितलं असतं. आबांनी मला विचारलं होतं, माझ्यामागं याला कोण बघेल. मी म्हटलं होतं, मी बघेन. मीही शब्द दिलाय. जिवंत माणसाला दिलाय, त्याच्या तोंडावर. तुम्ही कधी बसला होता त्याच्याजवळ, तुम्हाला कळायला?"

एरवी "असं बोलू नये" म्हणणाऱ्या माझ्या यांनीही ते वाक्य गिळलं. पदराच्या आत पाव्हना थरथरत होता. त्यानं एकदा शिट्टी मारली, कुकरची. मग चुलत सासरे खाकरले आणि म्हणाले, "सोडाना शब्द व्हता, सोडी दिधा. तो परत उना, त्यामा आपला काय दोष?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. संपलं! अडीच महिने माझ्या डोक्यावर मिरी वाटली, पोराच्या तापाचं खापर माझ्यावर फोडलं, आणि एका वाक्यात सगळे मोकळे. पाटावर जाऊन बसले. आमरस कमी पडला, अजून आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "नाही." होता. मोठं पातेलंभर होता.

पाव्हन्याच्या शेपटीची पिसं गेली होती, डोक्यावर खोक पडली होती आणि एका पायाचं नख मुळापासून सुटलं होतं. रक्त थांबायला मी हळद दाबून धरली. डोळा वाचला होता. पिंजऱ्यावर चादर टाकून त्याला आतल्या खोलीत अंधारात ठेवला आणि सांजेला, माणसं पांगल्यावर, मागच्या दारी पिंजऱ्याचा ट्रे घासायला बसले. अंगठ्याला चिंधी बांधलेली, त्यामुळे एका हातानंच घासत होते. जेठ मागं येऊन उभे राहिले. अनवाणी होते. त्यांची एक चप्पल धाब्यावरच राहिली होती.

मला वाटलं, माफी मागतील. मागितली असती तर मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. पण ते नवऱ्याला मध्ये न घालता, पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलले. खाली बघून म्हणाले, "आबा मन्हा बारामा काही बोले का?"

हे मी तेराव्यालाच त्यांच्या तोंडावर फेकणार होते. राखून ठेवलं होतं. लागावं म्हणूनच राखलं होतं, खोटं कशाला सांगू. मी ट्रे खाली ठेवला.

"रोज," मी म्हटलं. "फाट्यावर गाडी वाजली की मान उचलायचे आणि विचारायचे, उना का? दुसऱ्या कुणाचं नाही, तुमचंच विचारायचे. रोज."

जेठ भिंतीला टेकले. धानोऱ्याहून आमच्या गावाला यायला तास लागतो. एक तास. मी त्यांच्याकडे बघत राहिले, नजर काढली नाही. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, परत पुसलं.

"आनि तू काय सांगे त्यासले?"

"मी सांगायचे, निघालेत, रस्त्यात आहेत," मी म्हटलं. "तेवढ्यावर आबांना झोप लागायची."